गुरुवारची लाळ

ग्रानत्रेस्क ते ल्यूसविक या रस्त्यावर लघवीला कुठं कुठं जाता येतं, हे एवर्ट नोर्बेकइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पेट्रोलपंपामागची मुतारी सकाळी सातच्या आत उघडत नाही. चर्चच्या सभागृहाला कुलूप नसतं, पण आत बायका कॉफीच्या तयारीला लागलेल्या असल्या तर एक कप घेतल्याशिवाय सुटका नाही, आणि कॉफी पोटात गेली की पुढच्या थांब्याच्या आत पुन्हा तीच रड. लाकूडगिरणीच्या फाटकाशी एक प्लास्टिकचा संडास ठेवलेला आहे, त्याचं दार जानेवारीत गोठून बसतं. बस चालवणाऱ्याला वळणं ठाऊक असावीत, एल्क, म्हणजे घोड्याएवढं रानहरीण, कुठल्या झाडीतून आडवं येतं ते ठाऊक असावं. एवर्टला तेही ठाऊक होतं. पण गेल्या दोन हिवाळ्यांत त्याच्या डोक्यात या मुताऱ्यांशिवाय दुसरं काही उरलंच नव्हतं.

आणि संताप येतो तो याचा, की औषध त्याच्या खिशात होतं! दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, "रोज एक गोळी घे, आठवड्याभरात फरक पडेल. तोंड जरा कोरडं होईल, बाकी काही नाही."

"जरा म्हणजे किती?" एवर्टने विचारलं.

"म्हणजे पाण्याची बाटली जवळ ठेव."

"तोंड कोरडं न करणारी एखादी नाही का?"

"आहे, पण तुझा रक्तदाब बघता ती तुला देता येणार नाही. एवढं काय रे तोंडाचं? भाषणं करतोस की काय?"

एवर्ट भाषणं करत नव्हता. तो आधीच बोलायला महाग. त्याने आभार मानले, गोळ्या घेतल्या, कोटाच्या आतल्या खिशात ठेवल्या आणि त्यातली एकही घेतली नाही. पाकीट खिशात तसंच राहिलं, कोपरे झिजून मऊ पडले.

आता याच्या मागे काय होतं ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

एवर्टची आई सिग्ने. तिचं लग्न ठरलं तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. त्या काळी आमच्या या उत्तरेकडे रीतच होती, की पुढे नवऱ्याला मुलीच्या दातांचा खर्च नको, म्हणून लग्नाआधीच सगळे दात उपटायचे आणि आहेरात कवळी द्यायची. सिग्नेचे निम्मे दात धडधाकट होते म्हणे. तेही गेले. पुढे तिने जन्मात सफरचंदाचा चावा घेतला नाही, चमच्याने खरवडून खायची. हसू आलं की हात तोंडावर जायचा. एवर्टला आई आठवते ती तशीच, तोंडावर हात ठेवलेली, आणि खिडकीत पाण्याच्या पेल्यात तिची कवळी.

मग मुलांच्या बाबतीत तिने कंबर कसली. आमच्याकडे मुलांना गोड फक्त शनिवारी मिळतं, पण सिग्नेच्या घरात शनिवारीही मोजून मिळायचं. तरी एवर्टच्या भावाबहिणींच्या दातांना कीड लागायची ती लागलीच. एवर्ट मात्र सोमवारी चोरून खायचा, मंगळवारी चोरून खायचा, पुढे बस चालवायला लागल्यावर तर खारट-गोड ज्येष्ठमधाच्या गोळ्यांची पिशवी स्टिअरिंगशेजारी उघडीच असायची, आणि त्याच्या तोंडात एक भोक म्हणून नाही! पन्नाशी उलटली तरी दात खिळ्यांसारखे. आई म्हणायची, "या एकट्यावर देवाची काय मर्जी कुणास ठाऊक." म्हणताना हसायची, आणि हात तोंडावर.

मर्जी कसली होती ते इल्वा हेदमनला कळलं. ती दातांच्या प्रयोगशाळेत पेप्टाइडं बनवायची. नऊ वर्षांपूर्वी ती मंडळी बसआगारात ड्रायव्हरांचे दात तपासायला आली होती. दिवसभर बसून गोळ्या चघळणारी जात आमची, त्यांना बघायचं होतं किती नासधूस झालीय ती. एवर्टच्या तोंडात बॅटरी मारून इल्वा जी थांबली ती थांबलीच. "तू खोटं बोलतोयस," ती म्हणाली. "तू गोड खातच नसशील." एवर्टने खिशातली पिशवी काढून तिच्यापुढे धरली.

पेप्टाइड म्हणजे प्रोटीनचा चिमुकला तुकडा. इल्वा त्याला मण्यांची माळ म्हणायची. सतरा मण्यांची एक माळ एवर्टच्या लाळेत सापडली. तशी ती सगळ्यांच्याच लाळेत असते, पण याच्या माळेतले दोन मणी वेगळे निघाले. ही माळ दाताच्या कवचावर जाऊन बसते, कीड करणाऱ्या जंतूंना तिथं पाय रोवू देत नाही, आणि आम्लाने कवचातलं कॅल्शियम झिजलं तर लाळेतलं कॅल्शियम गोळा करून ती जागा भरून काढते. वेलीला मांडव घालतात ना, तसा ती कॅल्शियमला मांडव घालते. मग हीच माळ मशीनमध्ये ओवायची आणि सगळ्यांच्या दातांना लावायची, झालं! पण तसं होईना. दुसऱ्याच्या तोंडात गेली की त्याची लाळ तिचे तुकडे करून टाकायची. म्हणून इल्वा मणी बदलायला लागली. एकदा हा, एकदा तो, कधी शेपटी आखूड कर, कधी डोकं झाक. एक माळ बाटलीतच दह्यासारखी घट्ट झाली. एक दाताला अशी चिकटली की खाली कॅल्शियमलाही वाट मिळेना. आणि प्रत्येक नवी माळ एवर्टच्या ताज्या लाळेशी ताडून बघायची, उपटलेल्या दातांच्या चकत्या आम्लात बुडवून, मग एक या माळेत आणि एक त्याच्या लाळेत ठेवून. निसर्गाला गाठलं का, हे कळायला दुसरी पट्टीच नव्हती.

म्हणून गुरुवार. सकाळची फेरी संपवून एवर्ट थेट प्रयोगशाळेत जायचा. पोटात अन्न नाही, कॉफी नाही, दात घासलेले नाहीत. इल्वा मेणाचा तुकडा द्यायची, तो चघळत मान खाली घालून बसायचं आणि बर्फात रोवलेल्या नळीत लाळ गाळायची. पहिल्याच दिवशी तिने बजावलं होतं, "तोंड सुकवणारं एकही औषध घ्यायचं नाही हं. सर्दीचं नाही, झोपेचं नाही, कसलंच नाही. मग सगळं मोजमाप फुकट जातं." एवर्टने मान हलवली होती, आणि एवर्टने मान हलवली म्हणजे विषय संपला.

आगारात त्याचं नाव पडलं थुंकीसम्राट. पाडलं स्टुरेने. हा स्टुरे म्हणजे एवर्टबरोबर नोकरीला लागलेला ड्रायव्हर, आगाराचा तोंडाळ माणूस.

"या या सम्राट! आज किती शेर?"

"गप रे."

"माझीही घे म्हणावं तिला. वर तंबाखू फुकट देतो."

एवर्ट तोंड वाकडं करायचा, पण आतून त्याला बरं वाटायचं. तीस वर्षं गिअर टाकण्यापलीकडे ज्याने काही केलं नाही, त्याच्या तोंडातून काहीतरी निघणार होतं आणि पोरीबाळींचे दात वाचणार होते! बायकोला, बार्ब्रूला, तो हे रात्रीच्या जेवणावर सांगायचा. बार्ब्रू म्हणायची, "गुरुवार तेवढा चुकवू नकोस बाबा. कटकट न करता तू करतोस असं तेवढं एकच काम आहे."

बार्ब्रू गेली दोन हिवाळ्यांपूर्वी. आणि तिच्यामागोमाग हे लघवीचं दुखणं आलं.

आता त्याची कोंडी बघा. गोळी घ्यावी तर तोंड सुकतं, लाळ बिघडते, इल्वाचं सगळं मोजमाप वाया. न घ्यावी तर बसमध्ये जीव टांगणीला. मग त्याने डोकं चालवलं, पाणीच प्यायचं नाही! तर पाणी न प्यायल्याने लाळ चिकट झाली, नळी भरेना. अर्धा तास मेण चघळून जबडा दुखायला लागला तरी तळाशी बोटभर फेस. म्हणून बुधवारी संध्याकाळी घागरभर पाणी ढोसायचं. आणि मग गुरुवारची सकाळची फेरी! घामाने पाठ ओली, पाय एकमेकांवर दाबलेले, चेहरा दगडासारखा, आणि मागे बसलेल्या बायका म्हणतायत, आज एवर्ट फारच सांभाळून चालवतोय नाही?

"मला आता जमत नाही" हे चार शब्द इल्वाला सांगायला काय होत होतं मेल्याला? पण नाही. आमच्याकडची माणसं अशीच. दुसऱ्याची अडचण होऊ नये म्हणून स्वतः दारात बोट चेंगरून घेतील, आणि कुणी विचारलं तर म्हणतील, काही नाही, दार जरा जड आहे. एवर्ट स्वतःशी म्हणायचा, एवढा हिवाळा काढू, मग तिचं काम होईल. तो हिवाळा गेला. दुसरा आला.

तसं त्याला काही दिसत नव्हतं असं नाही. पूर्वी नळी भरली की इल्वा ती घेऊन पळायची, मागे वळून बघायची नाही. आता ती नळी टेबलावर तशीच असायची, भोवतीचा बर्फ वितळून पाणी व्हायचं, आणि इल्वा वेलदोड्याचे बन कापून कॉफी ओतत बसायची. बन घरी भाजलेले. अजून एक घे म्हणायची. रस्ता कसा आहे विचारायची. एवर्टला वाटायचं, बाई थकलीय बिचारी, तिला घटकाभर बसावंसं वाटतं. म्हणून तो बसायचा. पोट फुगलेलं असतानाही बसायचा.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी लाकूडगिरणीच्या वळणावर एक ट्रक रस्त्यात आडवा झाला. वारा असा, की बसचा वायपरही दिसेना. दोन्ही बाजूंना बर्फाच्या माणूसभर उंच भिंती. बचावपथकातला एक जण वाकून वाकून चालत आला आणि काचेवर थापा मारून म्हणाला, "दारं बंद ठेव. कुणाला म्हणजे कुणाला खाली उतरू देऊ नकोस. मागून बर्फ ढकलायची गाडी येतेय, तिला समोरचं काही दिसत नाहीये."

"किती वेळ?" एवर्टने विचारलं.

"ते देवाला विचार."

बसमध्ये पोहण्याच्या तलावावर व्यायामाला निघालेल्या म्हाताऱ्या होत्या, सात-आठ जणी. त्यांची मात्र चंगळ झाली. डबे उघडले, थर्मास उघडले. त्यातली मेर्ता पुढच्याच सीटवर होती, शाळेत एवर्टला शिकवलेली. तिने कप पुढे केला. "एवर्ट, घोटभर घे रे, गारठला असशील."

"नको, मेर्ता."

"घे म्हणते ना. तू काय लहान आहेस आता लाजायला?"

कप त्याच्या नाकासमोर वाफाळत राहिला. एवर्टने स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं. समोर पांढरं, बाजूला पांढरं, मागे माणसं. दाराचं बटण हाताच्या अंतरावर, आणि ते दाबायचं नाही. त्याने मनातल्या मनात थांब्यांची नावं म्हणून बघितली. आईचा चेहरा आठवून बघितला. बार्ब्रूने काय म्हटलं असतं ते आठवून बघितलं. शेवटी शरीराने त्याचं ऐकायचं सोडून दिलं. आधी ऊब पसरली, आणि लगेच गार. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, अंगावर कंपनीचा निळा गणवेश, पाठीशी शाळेतली बाई कॉफीचा कप धरून बसलेली. त्याला मरून जावंसं वाटलं.

म्हाताऱ्यांपैकी कुणाला कळलं नाही. ट्रक हलला, पण एवर्टने इंजिनात बिघाड वाटतो असं आगाराला कळवलं, आणि स्टुरे दुसरी बस घेऊन आला. म्हाताऱ्या एकेक करून उतरल्या, पलीकडे चढल्या. एवर्ट जागचा उठला नाही.

स्टुरे पायरीवर चढला. "काय सम्राट, सिंहासन सोडवत नाही वाटतं?" आणि मग त्याला दिसलं. वासही आला असेल. त्याने स्वतःचा लांब कोट काढला, एवर्टच्या मांडीवर टाकला, "थंडी आहे," एवढंच म्हणाला आणि नुसत्या स्वेटरवर वाऱ्यात उतरून गेला.

दुसऱ्या दिवशी आगारात एवर्ट आला तेव्हा स्टुरे म्हणाला, "गुड मॉर्निंग, एवर्ट." सम्राट नाही, शेर नाही, तंबाखू नाही. नुसतं एवर्ट. एवर्टला मंगळवारचं जेवढं लागलं नव्हतं तेवढं ते लागलं. त्याने ठरवलं, आता बास.

गुरुवारी तो गेला. इल्वाने नेहमीसारखी नळी बर्फात रोवली, मेणाचा तुकडा पुढे केला. एवर्टने तो घेतला नाही. टोपी हातात घेऊन उभाच राहिला.

"इल्वा, मला एक गोळी सुरू करावी लागणार आहे. तोंड सुकतं तिने. तुझं नुकसान होईल, मला कळतं. मी ओढता येईल तेवढं ओढलं."

"कसली गोळी?"

"लघवीची." त्याचे कान लाल झाले. "थांबत नाही."

"कधी दिली डॉक्टरांनी?"

"मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात."

"आणि तू घेतली नाहीस?" तिचा आवाज चिरकला. "दोन वर्षं? का?"

"का म्हणजे काय? तूच म्हणाली होतीस."

इल्वा खुर्चीवर बसली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिने टेबलावरची बनची ताटली बाजूला सारली. "एवर्ट," ती म्हणाली, "मला तुझी लाळ लागत नाही."

"आज नको का?"

"दोन वर्षांपासून नको आहे."

एवर्टला काही कळेना. ती भराभरा बोलायला लागली, एकदा बांध फुटल्यावर थांबवत नाही तशी. माळ जमली होती. दोन वर्षांपूर्वीच. तुझ्या माळेपेक्षा टिकाऊ, कुणाच्याही तोंडात टिकणारी, आता मशीन तिला ओवतं, पट्टीची गरज उरली नाही. त्या गुरुवारी मी तुला हेच सांगणार होते. केकसुद्धा आणला होता. आणि तू आलास तो अंत्यविधीचा काळा टाय घालून. आदल्या दिवशी बार्ब्रूला पुरलं होतंस तू. दाढी केलेली, कॉफी न घेतलेली. बसलास, मेण चघळायला लागलास आणि तुझ्या डोळ्यांतलं पाणीही नळीत पडत होतं. कसं सांगू? मी म्हटलं, पुढच्या गुरुवारी सांगू. मग वाटलं, याला दुसरीकडे जायला जागाच नाही. एवढा एकच दिवस याचा उरलाय.

"मग ती नळी?" एवर्टने विचारलं.

इल्वाने बर्फातली रिकामी नळी उपसून बाजूला ठेवली.

"इल्वा, नळीचं काय करतेस?"

"मोरीत ओतते. तू गेल्यावर."

"दर गुरुवारी?"

"दर गुरुवारी. मी तरी काय मजेत होते का? पहाटे उठून बन भाजते. दोनदा सुट्टी मोडून परत आलेय. आईला भेटायला जायचं म्हटलं तरी आधी बघते गुरुवार मध्ये येतो का. मला वाटलं तुला गरज आहे!"

"आणि मला वाटलं तुला!" एवर्ट ओरडला. एवर्ट ओरडलेला त्या इमारतीत कुणी कधी ऐकला नव्हता. "मी बसल्या जागी मुतलो, इल्वा! मंगळवारी. भरल्या बसमध्ये, माझ्या शाळेतल्या बाईंसमोर. तुझ्या या नळीसाठी! आणि तू ती मोरीत ओततेस?"

ती रडायला लागली. एवर्टने टोपी घातली. बनला हात न लावता तो निघून गेला, आणि जाताना गाडीतळावर उभं राहून त्याने पहिली गोळी तशीच, पाण्याशिवाय गिळली. ती घशात अडकली, तरी गिळली.

गोळीने काम केलं. आठवड्याभरात मुताऱ्यांचा नकाशा डोक्यातून पुसला जायला लागला. एवर्टला ग्रानत्रेस्कच्या उतारावरचं तळं पुन्हा दिसायला लागलं. पण तोंड! सकाळी जीभ टाळूला चिकटलेली. जवाची पातळ पोळी घशाखाली उतरेना. ज्येष्ठमधाच्या गोळ्यांची पिशवी तर आता तो जास्तच उघडायचा, काहीतरी चघळल्याशिवाय तोंड ओलंच होईना. गुरुवारी फेरी संपली की तो बसमध्येच बसून राहायचा. कुठं जायचं ते सुचायचं नाही. इल्वाचा दोनदा फोन आला, त्याने घेतला नाही.

वर्षभराने दातांच्या तपासणीला गेला, तेव्हा तिथली तरुण डॉक्टर त्याचा ओठ वर करून थबकली. पुढच्या दोन दातांवर, हिरडीलगत, खडूसारखे दोन पांढरे डाग.

"हे काय?" एवर्टने आरशात बघून विचारलं.

"कीड सुरू होतेय. भोक अजून पडलेलं नाही. लाळ नाही ना तुझ्या तोंडात, मग होणारच."

एवर्टने तोंडावर हात नेला. नेला तेव्हा त्याला कळलं नाही, कळलं ते हात तिथं पोचल्यावर. आईचा हात जसा जायचा तसाच तो गेला होता.

डॉक्टरने सांगितलं, कोरड्या तोंडाच्या लोकांसाठी एक चाचणी सुरू आहे. नवीन पेप्टाइड आहे, थेंबभर लावायचं. फ्लोराइड सगळ्यांनाच मिळतं, पण निम्म्या लोकांना त्याच्यावर खरं औषध आणि निम्म्यांना नुसतं पाणी. कुणाला काय मिळालं ते लावणाऱ्यालाही कळत नाही आणि लावून घेणाऱ्यालाही. "चाचणीबाहेर ते अजून कुणालाच देता येत नाही," ती म्हणाली. "घेतोस भाग?"

एवर्ट तिथून उठला आणि वर्षभरात पहिल्यांदा इल्वाच्या दारात जाऊन उभा राहिला. तिने दार उघडलं. त्याने सरळ ओठ वर करून डाग दाखवले.

"अगं बाई," ती म्हणाली. "तुझ्या तोंडात?"

"मला खरं दे, इल्वा."

"माझ्या हातात नाही ते. बाटल्यांवर नुसते आकडे आहेत. मलाही कळत नाहीत."

"माझ्या तोंडातून निघालंय ते!"

"सतरातले चौदा मणी तुझे आहेत," ती म्हणाली. "तीन माझे. तरी नाही."

"आणि उद्या तुला कळलं, की मला पाणीच मिळतंय, तर सांगशील?"

"नाही सांगणार," ती म्हणाली. "पण हे मी तुला आत्ताच, तोंडावर सांगतेय."

एवर्टला राग यायला हवा होता. आला नाही. उलट छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं. तो म्हणाला, "बन आहेत का?"

"नाहीत. गुरुवारी भाजणं सोडलं मी."

"बरं केलंस."

आगारात त्याने स्टुरेला सांगितलं, सगळं, गोळीपासून मोरीपर्यंत. स्टुरे आधी ऐकत राहिला, मग त्याचा चेहरा हळूहळू लाल व्हायला लागला. शेवटी त्याला आवरेना. "म्हणजे तुझीच थुंकी... वळसा घालून... तुझ्याच तोंडात? आणि तीही मिळेल की नाही याची खात्री नाही? अरे सम्राटा!" त्याने टेबलावर थाप मारली. वर्षभराने आलेला तो शब्द ऐकून एवर्ट हसला. हात तोंडावर ठेवून हसला.

ठरलेल्या दिवशी तो खुर्चीत आडवा झाला. डॉक्टरने ओठाखाली कापसाच्या गुंडाळ्या कोंबल्या, तोंड उघडं राहायला प्लास्टिकची कडी बसवली. आता काही बोलताही येणार नव्हतं. वर दिवा, दोन्ही बाजूंना दोन मास्क. डॉक्टरने लहान बाटली हलवली, बारीक ब्रशवर एक थेंब घेतला आणि पांढऱ्या डागावर टेकवला. मग दुसऱ्यावर. एवर्टने जिभेचं टोक पुढे करून चव लागते का बघितलं. चव कशाचीच नव्हती. पाण्याचीही नसते. त्याची स्वतःची लाळ नळीत पडायची तेव्हा तिलाही कुठं चव होती? त्याने नऊ वर्षांचे गुरुवार आठवले, मोरीत गेलेले धरून, आणि त्या थेंबात आपण आहोत का नाही याचा विचार करत तसाच दिव्याकडे बघत पडून राहिला.

डॉक्टरने कापूस काढला, कडी काढली, खुर्ची सरळ केली. सवयीने एवर्ट शेजारच्या भांड्याकडे वाकला.

"अंहं," ती त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "अर्धा तास थुंकायचं नाही."

एवर्टने तोंड मिटून घेतलं.